अक्का, तुम्ही तुमचं ताट बघा

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापुरात राहतात, वय ४७, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात आणि एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सूनबाई आहेत. दोन वर्षांपूर्वी तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.२ निघाले, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तेव्हापासून त्यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत नेटाने पाळली, रंकाळ्यावर रोज सकाळी पाऊण तास चालायला सुरुवात केली आणि वजन ७९ वरून ६५ किलोवर आणले. त्यांच्या धाकट्या जाऊबाई आहारतज्ज्ञांच्या तक्त्याप्रमाणे दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खातात; त्यांचे वर्षभरात पाच किलो उतरले. "अशी दिवसभर चरत राहिलीस तर कसं उतरणार?" असे ताई म्हणाल्या, त्यावर "अक्का, तुम्ही तुमचं ताट बघा" असे उत्तर आले आणि स्वयंपाकघरात अबोला सुरू झाला. फिरायला येणाऱ्या एका मैत्रिणीने डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा घ्यायचे वजनाचे इंजेक्शन सुरू केले, तेव्हा ताई चारचौघींत म्हणाल्या, "सुई टोचूनच उतरवायचं, तर मग आम्ही काय खुळ्या म्हणून उपाशी राहतोय?" ती मैत्रीण आता फिरायला येत नाही. ७२ वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंनाही दोन जेवणांवर आणावे, असा ताईंचा विचार आहे. पत्राच्या अगदी शेवटी दोन वाक्ये येतात: जाऊबाईंची पंधरा वर्षांची मुलगी "मोठ्या आईसारखं" म्हणत हल्ली रात्रीचे जेवण टाळते, आणि गेल्या चार महिन्यांत ताईंचे तीन किलो परत वाढले आहेत, जे त्यांनी घरात कुणालाच सांगितलेले नाही. त्यांचा प्रश्न असा: "माझ्याजवळ अनुभव आहे, रिपोर्ट आहेत. आपली माणसे डोळ्यांदेखत चुकीच्या वाटेने जात असताना गप्प बसणे, यालाच दुसऱ्याच्या मताचा आदर म्हणायचे का?"

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी सासूबाईंचा विषय वेगळा काढू, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. अशी गोळी घेऊन जेवण लांबले, तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरून घाम, थरथर, बोलण्यातला गोंधळ आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते; आणि बहात्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले, तर वजनाचा विषय कुणाच्या लक्षातही राहणार नाही. त्यांच्या जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील, तर आधी गोळ्यांची मात्रा आणि वेळ यांचा विचार व्हावा लागतो आणि ते काम त्यांच्या डॉक्टरांचे आहे. तोवर त्यांची सकाळची न्याहारी आणि चार वाजताचे खाणे जसे चालू आहे तसेच चालू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. तो तुम्ही अनुभवाच्या आणि रिपोर्टांच्या जोरावर विचारला आहे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत चांगला फरक पडतो, असे डॉक्टर सांगतात. तुम्ही सतरा टक्क्यांच्या पुढे गेलात. सणवार, लग्नकार्ये आणि दर रविवारी घरात शिजणारा तांबडा-पांढरा सांभाळून हे करणे किती अवघड असते, ते ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांनाच कळेल. तेव्हा तुमच्या यशाबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्या रिपोर्टांवरून सिद्ध काय होते, याबद्दल आहे. ही पद्धत तुमच्या शरीराला आणि तुमच्या दिनक्रमाला मानवली, एवढे त्यावरून निश्चित कळते. सकाळी दहाला जेवून तुम्ही कॉलेजला जाता, संध्याकाळपर्यंत अन्न तुमच्या नजरेसमोर नसते, आणि साडेसातला दुसरे जेवण होते. जाऊबाईंचा दिवस मात्र, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, पहाटे साडेपाचला सर्वांच्या डब्यांनी सुरू होतो आणि रात्री ओटा पुसून संपतो. त्या सोळा तासांत बहुतेक वेळ त्यांच्या हाताखाली काही ना काही शिजत असते. उपाशीपोटी आपले पित्त उसळते आणि डोके धरते, असे त्या सांगतात. तुम्ही पत्रात त्याला "पित्ताचे निमित्त" म्हटले आहे. ते खरोखरच कारण असू शकेल, ही शक्यता तुम्ही कधी मनात घोळवून पाहिली आहे का?

तुमच्या घरात पेटलेला हा वाद अख्ख्या महाराष्ट्राने घातलेला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले की, कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा आणि मधल्या वेळेत काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर यांनी सांगितले की, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, घरचे, आपल्या भागात पिकणारे खा आणि तुपाला घाबरू नका. २०१८-१९ च्या सुमारास लग्नाच्या पंगतीत जिलबीपेक्षा "तुम्ही कुणाचं करता?" हा प्रश्नच अधिक वाढला जात होता. दोन्ही बाजूंना वजन उतरलेली खरीखुरी माणसे होती. दोन्ही बाजूंना ती पद्धत दोन महिन्यांत सोडून दिलेली माणसेही होती, परंतु सोडून दिलेला माणूस कट्ट्यावर बसून आपला अनुभव सांगत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक पद्धत तिच्या अनुयायांच्या तोंडून ऐकली की हमखास गुणकारीच वाटते.

संशोधकांनी जेव्हा दोन आहारपद्धती शेजारीशेजारी ठेवून मोजल्या, तेव्हा चित्र बरेच निराळे दिसले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी स्निग्ध पदार्थांचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला होता. पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. प्रत्येक गटाच्या आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते: एकाच प्रकारचा आहार घेऊन कुणाचे वजन भरपूर उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते, फक्त एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खायचे होते. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही. यांपैकी कोणत्याही अभ्यासात तुमची किंवा जाऊबाईंची पद्धत जशीच्या तशी तपासलेली नव्हती, हे मान्य. पण वेळापत्रकापेक्षा ते वेळापत्रक त्या माणसाला झेपते की नाही याला अधिक महत्त्व आहे, एवढे त्यांवरून समजते.

माझ्या मते याहूनही बोलका प्रयोग १९९० चा आहे. कॅनडात एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्यांना ८४ दिवस रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी अधिक खाऊ घातल्या. सगळ्यांना जादा अन्न सारखे, देखरेख सारखी. तरीही कुणाचे वजन ४.३ किलो वाढले, तर कुणाचे १३.३ किलो. एका जोडीतल्या दोघा भावांची वाढ मात्र बरीचशी एकमेकांच्या जवळ होती. म्हणजे तेच अन्न एका अंगाला जसे लागते तसे दुसऱ्याला लागत नाही, आणि त्यात माणसाच्या निग्रहाचा संबंध नसतो. कोल्हापूरकरांना हे खरे तर प्रयोगाशिवायही माहीत असायला हवे. तालमीतला वस्ताद नव्या पोराची अंगलट पाहिल्याशिवाय त्याची मेहनत आणि खुराक ठरवत नाही, आणि एकाला मानवलेले दूध-बदाम दुसऱ्याला पचले नाहीत, म्हणून त्याला आळशीही म्हणत नाही. थायरॉइड, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार), रजोनिवृत्ती, काही मानसिक आजारांवरची औषधे, स्टिरॉइड, इन्सुलिन, या सर्वांचा वजनावर परिणाम होऊ शकतो, आणि यातले बरेच काही बायका फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना सांगत नाहीत.

जाऊबाईंचे पाच किलो तुम्हाला कमी वाटतात. त्यांचे वजन तुम्ही लिहिलेले नाही. ते सत्तरच्या आसपास असेल, तर पाच किलो म्हणजे सात टक्के झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, उद्दिष्ट नेमके हेच होते: सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तुम्ही ज्याला अपयश समजून टोकत होता, ते वैद्यकीय मोजपट्टीवर चांगले यश असू शकते. शिवाय त्यांचे उद्दिष्ट किलोंचे आहे की गुडघ्यांचे, की नुसते दुपारी चारला गळून न जाण्याचे, हे तुम्ही त्यांना विचारल्याचे पत्रात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण ती टाळून चालणार नाही. तुम्ही त्या घरातल्या थोरल्या आहात. मैत्रीण मैत्रिणीला जे बोलते ते सल्ला म्हणून घेता येते आणि सोडूनही देता येते. थोरल्या जावेने ओट्याशी उभे राहून काढलेला शब्द धाकटीला तसा सोडता येत नाही. अकरा वाजता स्टीलच्या छोट्या डब्यातून मूठभर फुटाणे आणि पेरूच्या चार फोडी काढून खाणारी बाई जर तुमची चाहूल लागताच डबा फडताळात सरकवत असेल, आणि तुमच्या पत्रात तसे एक वाक्य आहे, तर तिला तुमची पद्धत पटणे दूरच राहिले, तिचे स्वतःचे खाणेही तिला चोरीचे वाटू लागले आहे. "अक्का, तुम्ही तुमचं ताट बघा" हे उत्तर तुम्हाला उद्धट वाटले. मला ते फार दिवस सोसून मग दिलेले उत्तर वाटते, आणि त्यात "अक्का" आणि "तुम्ही" दोन्ही शाबूत आहेत, हेही ध्यानात घ्या.

मैत्रिणीच्या बाबतीत तुमच्या रागाचे मूळ वेगळे आहे. तिथे पद्धतीच्या परिणामांविषयी तुम्ही काही म्हटलेलेच नाही. तुमची तक्रार अशी की तिला कष्ट पडत नाहीत. वजन उतरवणे ही तपश्चर्या आहे आणि जिने सोसले नाही तिला फळ मिळू नये, असे एक गृहीतक त्या वाक्यामागे आहे. सासूबाई साखरेसाठी गोळी घेतात त्याला तुम्ही फसवणूक म्हणत नाही. मग लठ्ठपणासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध फसवणूक का व्हावे? ही इंजेक्शने (टिर्झेपॅटाइड भारतात २०२५ च्या मार्चमध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये) आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांसारखे काम करून भूक शमवतात. ज्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याचाच विचार घुमत असतो, त्यांना यातून पहिल्यांदाच उसंत मिळते. आणि कष्ट नसतात असेही नाही: मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, खर्च मोठा असतो, स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने आणि व्यायाम यांकडे लक्ष द्यावेच लागते, आणि औषध थांबवल्यावर वजन परत येते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासातल्या लोकांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा ते बंद केल्यापासून वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. हे सगळे तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितले असेल आणि तरीही तिने निर्णय घेतला असेल. तो निर्णय घेण्याआधी तिने किती वेळा आहार सुरू केला आणि किती वेळा मोडला, हे रंकाळ्यावरच्या पाऊण तासात कळत नाही.

तुम्हाला ते इतके का लागले असावे, याबद्दल मला एक अंदाज करू द्या. चुकीचा असेल तर सोडून द्या. संध्याकाळी सहाला घरात पोहे परतल्याचा वास सुटतो आणि तुम्ही अजून दीड तास पाण्यावर काढता. दोन वर्षे तुम्ही हे केले आहे. शेजारची बाई वेगळ्या, कदाचित सोप्या वाटेनेही तिथेच पोहोचली, तर आपण सोसलेले सगळे अनाठायी होते की काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की ते अनाठायी नव्हते; तुमची साखर त्यानेच आटोक्यात आली. पण त्यासाठी तिची वाट खोटी ठरण्याची गरज नाही.

मग गप्प बसणे म्हणजेच आदर का? माझे उत्तर "नाही" असे आहे. पद्धतीविषयी कुणी विचारल्याशिवाय बोलू नये आणि धोक्याविषयी न विचारताही बोलावे, असा फरक मी करीन. कुणाला वरचेवर चक्कर येते, कुणी डॉक्टरांना न विचारता चालू औषध थांबवले आहे, कुणी गरोदर किंवा अंगावर पाजत असताना उपवास काढते आहे, कुणाच्या हातात "महिन्यात दहा किलो" असे सांगून ओळखीच्या बाईने विकलेली, घटकांची यादी नसलेली पावडर आहे, कुणाचे वजन इतक्या झपाट्याने उतरते आहे की पित्ताशयात खडे होण्याचा धोका आहे, तर तिथे भिडेखातर गप्प राहणे बरोबर नव्हे. अशा वेळी बोलायचे ते एकटीला गाठून, एकदाच, आणि दिसलेल्या लक्षणाविषयी. "काल पायऱ्यांवर तुला घेरी आली ती मी पाहिली, डॉक्टरांना दाखवून घे, मी सोबत येते," एवढे पुरे. त्यापुढे "म्हणूनच मी सांगत होते" हे जोडले, की काळजीचा सगळा परिणाम वाया जातो. तुमच्या मैत्रिणीचे इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, जाऊबाईंचा तक्ता आहारतज्ज्ञांचा आहे. दोन्ही ठिकाणी तुम्हाला बोलायला लावणारा धोका पत्रात कुठे दिसत नाही.

तो दिसतो पुतणीच्या बाबतीत, आणि तिच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. पंधराव्या वर्षी मुलीची उंची, हाडे आणि पाळीचे चक्र घडत असते; या वयात जेवण टाळण्याची सवय लागली, तर पुढे खाण्याशी संबंधित मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो. घरातल्या दोन मोठ्या बायका वर्षभर एकमेकींच्या ताटावरून भांडताना ती पाहते आहे. दोघींचे मत काहीही असो, तिने त्यातून घेतलेला अर्थ असा की खाणे ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. यात तुमची पद्धत चूक ठरत नाही, पण ती सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने साखरेचा रिपोर्ट पाहून घेतलेली पद्धत आहे, आणि ते तिला तुमच्याच तोंडून कळले पाहिजे, कारण ती अनुकरण तुमचे करते आहे. तिला जवळ बसवून सांगा की मला आजाराची भीती होती म्हणून मी हे केले, तुला त्याचे काही कारण नाही आणि तुझ्या वयाला रात्रीचे जेवण हवेच. तिच्या अंगाविषयी, बारीक झाली म्हणून कौतुकाचासुद्धा, शब्द काढू नका. पाळी चुकत असेल, केस गळत असतील, जेवल्यावर ती लगेच न्हाणीघरात जात असेल किंवा जेवणावरून खोटे बोलत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यात उशीर करू नका. आणि हे सगळे तिच्या आईला सोडून करता येणार नाही. जावेशी अबोला मोडायला याहून सबळ कारण तुम्हाला मिळणार नाही.

तो मोडताना आहाराच्या चर्चेपासून सुरुवात करू नका. "मी तुला खाण्यावरून बोलले ते मला बोलायला नको होतं, यापुढे बोलणार नाही. पोरीचं मात्र मला तुझ्याशी बोलायचंय," असे सरळ सांगा. थोरलीने आधी पाऊल टाकले, तर धाकटीला उत्तर देणे सोपे जाते. स्वयंपाकघराची व्यवस्था तुम्हाला नव्याने शोधायची नाही. नवरात्रात घरात एकीचे नऊ दिवसांचे उपवास असतात, दुसरीचे उठता-बसता, सासूबाईंना गोळ्यांमुळे एकही नाही, आणि तरी एकाच ओट्यावर सर्वांचे निभावते. कुणी कुणाला "तू कमी देवभक्त" असे म्हणत नाही. तेच रोज करायचे. भाकरी, भाजी, आमटी, उसळ हा पाया दोन्ही पद्धतींना चालतो. वेळ आणि वाढ ज्याची त्याने ठरवावी. जाऊबाईंचा अकराचा डबा फडताळात लपून न राहता ओट्यावर उघडा राहावा, तुमच्या सहा वाजताच्या पाण्याच्या तांब्यावरही कुणी थट्टा करू नये, आणि रात्री साडेसातला पुतणीसह सगळे एकत्र बसावेत. त्या बैठकीत वजन, किलो, कॅलरी हे विषय काढायचे नाहीत, असे दोघींनी मिळून ठरवा. दोघींनी मिळून, हे महत्त्वाचे. तुम्ही एकटीने ठरवलेत, तर तोही थोरलीचा हुकूमच होईल.

मैत्रिणीकडे जा. फोन नको, निरोप नको. चारचौघींत दुखावले आहे, तेव्हा त्या चारचौघींसमोरही पुढे कधीतरी एक वाक्य बोलावे लागेल, पण आधी तिच्या घरी. "मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं होतं" यानंतर "पण" आला नाही, म्हणजे झाले. किती उतरले, किती खर्च आला, कुठे टोचतात, हे तिने आपणहून सांगितले तरच ऐका. ती परत फिरायला आली, तर तुमच्या गटात एक साधा पायंडा पाडता येईल: अनुभव सांगणाऱ्या बाईने "मला असं मानवलं" इथपर्यंत सांगावे आणि "तूही कर" हे ऐकणारीने विचारले तरच पुढे जोडावे. रविवारी फिरून झाल्यावर मिसळीला थांबता तेव्हा जिला कट घालून हवा तिने घ्यावा, जिला नुसता चहा हवा तिने चहा घ्यावा, आणि कटावरच्या तेलाविषयी कुणी भाषण करू नये. अशा गटांतून वजन उतरवणाऱ्या बहुतेक जणी पद्धत पटली नाही म्हणून येणे सोडत नाहीत. रोज कुणीतरी ताट तपासते, त्याला कंटाळून सोडतात.

आता तुमचे तीन किलो. ते तुम्ही कुणालाच सांगितलेले नाहीत, कारण दोन वर्षे तुम्ही घरात आणि रंकाळ्यावर या पद्धतीच्या साक्षीदार म्हणून उभ्या आहात आणि साक्षीदाराचे वजन वाढून चालत नाही. ही कोंडी तुम्हीच घातलेली आहे, त्यामुळे ती तुम्हालाच सोडवता येईल. शरीराच्या बाजूने पाहिले, तर यात लाजण्यासारखे काही नाही. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आहार कमी करून वजन उतरवलेल्या पन्नास जणांची संप्रेरके वर्षभराने पुन्हा तपासली, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली होती. म्हणजे शरीर गेलेले वजन परत मिळवण्यासाठी बराच काळ ओढ घेत राहते. त्यात तुमचे वय रजोनिवृत्तीच्या आसपासचे, जेव्हा स्नायू घटतात आणि चरबी पोटाभोवती साचू लागते. थायरॉइडची तपासणी करून घ्या, एचबीए१सी पुन्हा पाहा. चालण्याला आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड द्या आणि दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडी यांतले प्रथिन किती येते ते मोजा. दोनच जेवणांत ते पुरेसे बसवणे अनेकींना जमत नाही. तरीही वजन वाढत राहिले आणि डॉक्टरांनी मधे एखादे खाणे घ्यायला किंवा औषध सुरू करायला सुचवले, तर त्याचा विचार मोकळ्या मनाने करा. भेटीला जाताना पहिल्या तपासणीपासूनचे सगळे कागद आणि गेल्या चार महिन्यांतले वजनाचे खरे आकडे बरोबर न्या, आणि जमले तर जाऊबाईंना सोबत घेऊन जा.